जिबेकनं ओतलेला चहा

भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा जिबेकला वाटलं होतं, गप्प बसायला काय लागतं! सासऱ्यांचं, अताकेंचं, एक मूत्रपिंड कॅन्सरमुळे काढलं होतं, पण बिश्केकच्या त्या घरात त्यांना सांगितलं होतं की मोठा खडा होता. सासूचा, बुरुल अपांचा, हुकूम होता. "तो शब्द या घरात निघता कामा नये. धसक्यानंच जातील ते."

आणि जिबेक डॉक्टर होती, तीही कुठे? कर्करोगाच्या इस्पितळात, रक्ततपासणीच्या विभागात. दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण बघायचं, शरीरात दाह किती पेटलाय ते ताडायचं, आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा रुग्ण पुढे कसा राहील याचा अंदाज बांधायचा, हाच तिचा अभ्यास. सासऱ्यांचं रक्तही तिच्याच टेबलावर यायचं.

प्रमाण चढत होतं, आणि चढतं प्रमाण म्हणजे वाईट लक्षण. आधी तिनं किडक्या दाढेवर खापर फोडलं. दाढेनंही दाह वाढतोच. दाढ काढली, तरी प्रमाण चढलंच. हा अंदाज शेकडो रुग्णांवरून काढलेला, एकट्या माणसाचं त्यावरून काय सांगणार, असं ती स्वतःला बजावत राहिली. मग स्कॅनमध्ये फुप्फुसांवर डाग दिसले, कॅन्सर पसरला होता, आणि तीही सबब संपली.

अताके खिडकीशी बसून डोंगर बघत. वरच्या कुरणात त्यांच्या घोड्या व्याल्या होत्या. "पुढच्या वर्षी जा, आधी अंगात ताकद येऊ दे," अपा रोज म्हणत. रोज! जिबेकचा जीव घुसमटे. बोलावं तर शपथ मोडते. गप्प राहावं तर म्हाताऱ्याचा शेवटचा उन्हाळा आपणच कुलपात घालतो.

एका सकाळी अपा स्वयंपाकघरात गेल्या तसे अताके हळूच म्हणाले, "पोरी, म्हातारीनं तुझं तोंड बांधलंय, ठाऊक आहे मला. बोलू नकोस. नुसता चहा ओत."

"ओतते की."

"पुढचा उन्हाळा मला मिळणार असेल, तर रोजच्यासारखा अर्धा प्याला ओत. नसेल, तर काठोकाठ भर."

मानाच्या माणसाला अर्धाच प्याला द्यायचा, म्हणजे तो निवांत बसतो, पुन्हा मागतो. भरून दिला की समजायचं, आता उठा.

तिनं अर्धा ओतला आणि हात थांबला. भित्री कुठली! स्वतःचाच तिला संताप आला. अताकेंनी प्याला उचलला नाही. ताठ बसून ते वाट बघत राहिले. तिनं पुन्हा चहादाणी वाकवली.

साय घेऊन आलेल्या अपा प्याला बघून तडकल्याच. "अगं, आईनं काही शिकवलं की नाही तुला? घरच्या धन्याला भरलेला प्याला? हाकलून देतेस काय त्यांना?"

"तिला ओरडू नकोस गं." अताके सगळा चहा प्यायले आणि प्याला पालथा घातला. "माझी टोपी पेटीतून काढ. उद्या वर जायचंय मला."

"पुढच्या वर्षी..." अपांनी सुरुवात केली, आणि त्यांची नजर जिबेककडे गेली. जिबेकनं मान खाली घातली होती. तिचे डोळे वाहत होते.

अपांनी सायीची वाटी खाली ठेवली.

"दोन घोंगड्या घ्या," त्या म्हणाल्या. "वर थंडी असते. मीही येतेय."