जावईबापूंचे तीस किलोमीटर

हर्षलचं सगळं आजच्या तीस किलोमीटरवर टांगलेलं होतं. मॅरेथॉनचा रविवार आणि मेव्हण्याचा साखरपुडा एकाच तारखेला आले होते. बायकोनं, छायानं, निकाल देऊन टाकला होता, "आज घड्याळीत तीस दाखवा अन् जा पळायले. एकोणतीस झाले तं गुमान पाहुण्यायत बसायचं."

सोळा आठवड्यांचं सरावाचं वेळापत्रक त्यानं मोबाईलवरून उतरवून न्हाणीच्या दारावर चिकटवलं होतं. आज किलोमीटरला सात मिनिटं. वेग वाढला की मनगटावरचं जीपीएस घड्याळ टुंईटुंई करायचं, कमी झाला की थरथरायचं. वेळापत्रकात पाणी, केळी, झोप सगळं होतं. सासरवाडीच्या रस्त्यानं पळणाऱ्यानं काय करावं, ह्यावर एक ओळ नाही. लिहिणाऱ्या गाढवाचं लग्नच झालं नसावं.

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर, बाविसाव्या किलोमीटरला, मागून फटफटी आली. छायाचे मामा, उकंडराव.

"जावईबापू! काऊन पळून राह्यले? कोणी गेलं काय?"

"नाही मामा, सराव हाय."

"बसा मांग."

"बसलो तं सारं वाया जाईन. आठच राह्यले."

"अन् मी गाडीवर, जावई पायी, हे लोकायनं पाह्यलं तं?"

इथली माणसं धुऱ्यासाठी, वीतभर बांधासाठी, सख्ख्या भावावर कुऱ्हाड काढतील, पण जावयाला पायी टाकून पुढं जाणार नाहीत. असली इज्जत! हर्षल थांबेना. तेव्हा उकंडराव खाली उतरले, गाडी बंद केली आणि ती लोटत त्याच्या बाजूनं पळू लागले. विजेचे दोन खांब झाले नाहीत तोच त्यांची जीभ बाहेर.

रस्त्याकडेच्या वावरात निंदत असलेली सत्यभामाबाई ओरडली, "अहो जावई, म्हाताऱ्याले मारता काय?"

थांबावं तर वेग जातो, पळावं तर मामा जातात.

"मामा, तुम्ही बसा वर. मी लोटतो."

उकंडरावांनी विचार केला. जावयाचे हात गाडीवर, म्हणजे जावई गाडीसोबत. पायी म्हणता येत नाही. बसले.

उतार लागला. टुंईटुंई.

"काय म्हनते ते?"

"हळू म्हणते."

उकंडरावांनी कचकन ब्रेक दाबला. हर्षलचं नाक त्यांच्या पाठीवर. मग चढ लागला, मनगट थरथरलं.

"आता?"

"जोरात म्हणते."

"मंग लोटा ना जोरात! घड्याळ काय खोटं बोलते?"

वाटेत तिघा गाडीवाल्यांनी थांबून पेट्रोल देऊ केलं. उकंडराव प्रत्येकाला ऐटीत सांगत, "टाकी फुल हाय. जावयाचा सराव चालू हाय."

घराच्या दारात पोचले तेव्हा हर्षलच्या चेहऱ्यावर बारा नाही, तीस वाजले होते, आणि घड्याळातला आकडाही तीसच होता. छायानं आकडा पाहिला, गाडी पाहिली.

"मामा, खरंच पळले का हे?"

"देवाशपथ. चाबी माह्या खिशात होती."

"मंग जा," छाया म्हणाली, "तीस म्हंजे तीस."

हर्षल आनंदानं हात वर करायला गेला. एकही वर येईना. चहा आला, तोही उचलवेना. उकंडरावांनी बशी फुंकून त्याच्या तोंडाला लावली, आणि दारासमोर जमलेल्या चार बाया बघतायत ना, ह्याची आधी खात्री करून घेतली.