चेअरमन परदेशी गेले तेव्हा

सटवा विमानात बसला तो बायकोच्या रडण्यामुळे. सत्यभामा नवऱ्यापुढे रडणारी बाई नव्हती. मुलगा शहादेव झाला तेव्हा मेंढरांचा तळ पैठणच्या रानात पडला होता. दुसऱ्या दिवशी तळ हलला आणि ती ओली बाळंतीण पोर पाठीशी बांधून मेंढरांमागं चालली. तेव्हाही ती रडली नव्हती. दुष्काळाच्या वर्षी दिवाळी झाल्यावर मात्र तिनं डोळ्यांचं पाणी खळू दिलं नाही.

"पोरगं एवढं बोलवतंय," ती म्हणायची. "डोळे मिटायच्या आधी त्याचं घर बघू द्या मला. मी एकली कशी जाऊ?"

रडणं खरं होतं, कारण तेवढं खोटं होतं.

उमापूरच्या मेंढपाळांची एक सहकारी सोसायटी होती. तरुणपणी सटवानंच गावोगाव हिंडून ती उभी केली होती. सभासदांची संख्या भरेना तेव्हा त्यानं सत्यभामेलाही मेंबर करून घेतलं होतं. पहिल्या दिवसापासून तोच चेअरमन. त्या दुष्काळी साली पाऊस पोळ्याआधीच निघून गेला तो परत फिरकलाच नाही. रानात काडी राहिली नाही. टँकर यायचा तो माणसांपुरताच. सत्यभामा गोदावरीच्या डोहावरून घागरी वाहून मेंढरांना पाजायची आणि परतताना गुडघे धरून बांधावर बसायची. रोज कुणाच्या ना कुणाच्या कळपात एखादं मेंढरू मान टाकायचं.

सभासद म्हणायला लागले, विकून टाकू. हैदराबादचा व्यापारी तयार होता, पण सगळी सोसायटी देत असाल तरच गाड्या आणतो म्हणायचा. सटवा एकटा आडवा पडला. "संक्रांतीला नदीकाठानं खाली उतरू. तिकडं ऊस तुटतोय, वाडं चरायला मिळतंय. खाटकाला द्यायला सोसायटी काढली न्हाई मी."

मग एके दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी बंकट घरी आला. सटवाच्या बहिणीचा हा मुलगा. मामा रानात आहे हे बघूनच तो आला होता.

"मामी, मामा हितं हाय तोवर विकायला कुनी हात वर करायचं न्हाई. शहादेवशी बोललोय मी. महिनाभर त्याच्याकडं न्या मामाला. तुमी फकस्त हां म्हणा."

सत्यभामेनं ओसरीवर बसल्या बसल्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. म्हणाली, "हां."

शहादेव ऑस्लोला इंजिनिअर होता. त्याची बायको बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेलेली, त्यामुळे घर मोकळंच होतं. तिथं गुडघाभर बर्फ. सटवा आठवडाभर खिडकीशी बसून राहिला. कुठं गवत नाही, जनावर नाही. एक दिवस तो म्हणाला, "हितं बी दुष्काळच हाय की गं. पांढरा."

बंकटचा फोन आला, गाड्या ठरल्या. शहादेव आईला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "पश्चिमेला समुद्राकाठी स्टाव्हांगर म्हणून गाव हाय, माय. तिथं थंडी कमी असती. चार दिवस फिरून येऊ. आबाचं मन रमलं की फोन-बिन करायचं सुचणार न्हाई."

स्टाव्हांगरला उतरले तेव्हा पाऊस पडत होता. बारीक, तिरका, न थांबणारा. बंदराला लागून पांढऱ्या लाकडी घरांची वस्ती, दगडी फरशांचे चढ, दारादारांत दिवे. भर डिसेंबरात झाडांखाली हिरवी लव. सटवाच्या अंगावर पोरानं घेतलेलं महागडं जाकीट होतं. ते त्यानं काढून पोराच्या हातात दिलं, पिशवीतून आपली घोंगडी काढली आणि तिची खोळ करून डोक्यावर घेतली. लोक वळून बघायला लागले. शहादेव दोन पावलं पुढं चालू लागला.

सटवाला त्याचं काहीच नव्हतं. तो तोंड वर करून पाऊस घेत होता. "घे गं घे, वाया चाललाय," असं तो हसून म्हणाला. किती वर्षांनी तो असा हसत होता.

दुसऱ्या दिवशी ते बसनं गावाबाहेर निघाले. समुद्रापर्यंत पसरलेली कुरणं, दगडी बांध, आणि त्या हिरव्या ओल्या रानात मेंढरं. सटवा खिडकीला नाक लावून बघत राहिला आणि पुढच्या थांब्यावर बस थांबताच सरळ उतरून गेला. मागोमाग दोघांना उतरावंच लागलं.

मेंढरं बुटकी होती, काळी-करडी, लांब केसांची. सटवानं बांधावर चढून नेहमीची हाळी दिली. मेंढरं दचकून लांब पळाली.

"मराठी कळंना व्हय!" तो खदखदून हसला. "बघ गं, भर हिवाळ्यात उघड्यावर चरत्यात. पोटं बघ कशी तट्ट. शहादेव, लाव बे बंकटला फोन. त्याला ही दाव, आन् म्हण आपली बी दाव मला. लंगडी खाती का न्हाई बघू दे."

लंगडी म्हणजे त्याची पायानं अधू मेंढी. तिची आई मेल्यावर त्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. मेंढरांभोवती वाघूर लावलेलं असलं, तरी ती त्या जाळीतून निसटून त्याच्या बाजेखाली येऊन बसायची.

"आबा, खाली उतरा. दुसऱ्याचं रान हाय ते."

"उतरतो. फोन लाव आधी."

"नंतर लावू."

"नंतर कावून? आत्ता लाव. संक्रांतीचं बी सांगायचंय त्याला. तळ कुठून हलवायचा…"

मागून एक जोडपं कुत्रं घेऊन येत होतं. बांधावर घोंगडी पांघरून उभा राहिलेला म्हातारा बघून ते थांबले. शहादेव लालबुंद झाला.

"कुनाला दावायचीत मेंढरं?" तो ओरडला. "न्हाईत मेंढरं! काल गाड्या भरून गेली हैदराबादला."

सटवा बांधावर तसाच उभा होता. "कुनाची?"

"समद्यांची. सोसायटीनं दिली."

"चेअरमन मी हाय."

"चेअरमन हितं हाय ना, आबा. म्हणून तर झालं."

जोडपं पुढं निघून गेलं. सटवा हळूहळू खाली उतरला. उतरताना त्याचा पाय घसरला, शहादेवनं हात पुढं केला, तो त्यानं धरला नाही.

"लंगडी गाडीत नीट चढली का?" त्यानं विचारलं.

"चढली म्हंजे? फेकली आसंल." शब्द तोंडातून गेले आणि शहादेवची नजर खाली गेली. "आबा, तसं न्हाई… तुमच्यासाठीच केलं. मायचे गुडघे बघा की."

तेव्हा सटवानं सत्यभामेकडं पाहिलं. तिला वाटलं, आता तोंडावर पदर घ्यावा, हाय हाय करावं, आपल्यालाही आत्ताच कळलं असं दाखवावं. तेवढं सोपं होतं. पण त्यानं आधीच ओळखलं होतं.

"तुला कवापासनं ठावं?"

"दिवाळीपासनं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि बसच्या थांब्याकडं चालू लागला.

फिरतीचे दिवस अजून उरले होते आणि बोटीची तिकिटं काढलेली होती. शहादेवला काय करावं सुचेना, म्हणून तो ठरल्याप्रमाणं करत राहिला. बोट उंच काळ्या कड्यांमधून आत गेली. एका ठिकाणी कड्यावरून धबधबा थेट समुद्रात कोसळत होता. खलाशानं बोट अगदी खाली नेली, बादली पुढं धरून भरून घेतली आणि सगळ्यांना पेले दिले. सत्यभामेनं पेला ओठाला लावला. पाणी गार होतं, गोड होतं. असलं पाणी खाऱ्यात पडून जात होतं आणि कुणाला त्याची पर्वा नव्हती.

सटवा शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पेला नव्हता.

"गोड हाय का?"

"हां," ती म्हणाली. तो बोलला म्हणून तिला बरं वाटलं.

"पी मग. पोट भरून पी."

परत येईपर्यंत त्यानं तिच्याशी दुसरा शब्द काढला नाही. पोराशी बोलायचा, अगदी हळू आवाजात, परक्या घरी बोलावं तसं. विमानतळावर शहादेव पाया पडला तेव्हा त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

उमापूरला बंकटनं मेंढरांच्या आलेल्या पैशांतून मामाचं घर बांधायला घेतलं होतं. स्लॅब, न्हाणीघरात फरशी, नळाच्या तोट्या. नळाला पाणी नव्हतं, पण तोट्या चकचकीत होत्या. सभासद एकेक करून भेटून गेले. कुणी खाली बघत, कुणी उगाच मोठ्यानं बोलत. सटवानं सगळ्यांना तंबाखू दिली. मेंढरांच्या जागेवर लेंड्यांचा थर वाळून गेला होता. तो त्यानं फावड्यानं ओढला, पाट्या भरून शेजारच्या शेतात टाकला. मग जाळी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि चालू लागला. सत्यभामा दारात उभी होती. तिला वाटलं, जाळी विकायला नेतोय.

चैत्रात बंकटनं सांगितलं, "मामा पैठणकडं हाय. हरिबा म्हणून कुनाची तरी मेंढरं राखतोय. चाकरीनं."

तिनं पहाटे उठून भाकरी केल्या, ठेचा वाटला आणि एसटीत बसली. फाट्यावर उतरून गुडघे ओढत रानातून चालली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तळ दिसला. सटवा बाभळीच्या सावलीत बसला होता, दोन कुत्री त्याच्या पायाशी. तो वाळला होता, पण दाढी नीट केलेली होती.

हरिबा पोरसवदाच होता. तो लगबगीनं उठला. "म्हातारबा, मालकीण आल्या का काय तुमच्या?"

"न्हाई," सटवा म्हणाला. "सोसायटीच्या मेंबर हायेत."

हरिबा मेंढरांकडं निघून गेला. सत्यभामा समोर बसली, फडकं सोडलं, भाकरी पुढं सरकवली.

"घरी चला," ती म्हणाली. "चुकलं माझं. पर मला चालवत नव्हतं हो. खरंच चालवत नव्हतं."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं त्याचे पाय धरले असते. "मला म्हणली असतीस तर मीच इकली असती. तुझ्यासाठी."

त्यानं भाकरी उचलली. एकेक तुकडा मोडून कुत्र्यांना घालत राहिला, दोघांना सारखा. भाकरी संपल्यावर फडकं झटकलं, त्याची चौघडी घातली आणि ते तिच्या हातात दिलं.

"परतीची एसटी ऊन कलायच्या आत असती," तो म्हणाला. "निघ. तुला येळ लागंल."