साहेबरावांच्या नावाचा कॉम्प्युटर

"माऊसला हात नका लावू, ताई," शिवकन्या म्हणाली. "नुसतं बघा."

दैवशालेनं हात मागं घेतला. पडद्यावरचा बाण थोडा वेळ स्थिर होता. मग तो सावकाश डावीकडं सरकला, एका फोल्डरवर थांबला आणि फोल्डर उघडलं. माऊस टेबलावर जिथल्या तिथं पडून होता.

तीर्थपुरीतल्या त्या खाजगी शाळेला मे महिन्याची सुट्टी होती. वर्गांना कुलपं होती, पटांगणात चिटपाखरू नव्हतं. ऑफिसात पंखा, कॉम्प्युटर आणि या दोघी. "लई हळू चालून राह्यला, जरा बघून घ्या," असा मुख्याध्यापकांचा फोन आला, म्हणून दैवशाला वाटूरहून स्कूटीवर आली होती. कित्येक वर्षं ती हेच काम करत होती. शाळा, दवाखाने, खताची दुकानं. व्हायरस काढायचा, पासवर्ड बदलून द्यायचा, आणि पुन्हा तेच सांगायचं : अनोळखी फाईल उघडू नका, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवू नका. लोक मान हलवायचे. पुढच्या खेपेला चिठ्ठी तिथंच असायची.

इथंही होती. साहेबराव या शाळेचे क्लार्क. दिवाळीनंतर मोटारसायकलच्या अपघातात ते गेले आणि संस्थेनं त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, शिवकन्येला घेतलं. तेव्हापासून ती नवऱ्याच्याच नावानं, त्याच्याच पासवर्डनं कॉम्प्युटर उघडायची. बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"हे कधीपासून होऊन राह्यलं?" दैवशालेनं विचारलं.

"सुट्ट्या लागल्यापासून. दुपारचंच. पहिल्यांदा लई भ्याले. उठून बाहेरच गेल्ते. मंग म्हणलं, बसू."

"सरांना सांगितलं न्हाई?"

"न्हाई." शिवकन्येची नजर पडद्यावरून हलत नव्हती. "हे बी असंच करायचे. एक उघडायचं, बंद करायचं, मंग दुसरं. काही सापडत नसलं की तोंडातल्या तोंडात बोलायचे."

दैवशालेला कारण कळलं होतं. साहेबरावांनी मागच्या वर्षी कुठून तरी मराठी टायपिंगचा फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला होता. तिनं तेव्हाच तो काढायला सांगितलं होतं. "काढतो की ताई," म्हणून ते हसले होते. त्यातूनच कुणी तरी आत शिरलं होतं. कुठल्या तरी दूरच्या गावात बसलेला, तोंड माहीत नसलेला माणूस या क्षणी त्यांच्यासमोर शाळेचं कपाट उपसत होता. हे सगळं कळत असूनही तिला वाटलं, आपण मोठ्यानं बोललो तर त्याला ऐकू जाईल. तिनं आवाज खाली आणला.

"वहिनी, हा चोर हाय. लेकरांचे आधार कार्ड, दाखले, समदं याच्यात हाय. बंद करावं लागंल."

"मला कळतं ते." शिवकन्या शांतपणे म्हणाली. "मी येडी न्हाई, ताई. गेलेलं माणूस येत नसतं." मग तिनं दैवशालेच्या मनगटावर हात ठेवला. "पण जरासं थांबा."

दैवशाला थांबली. आजवर अशा वेळी ती कधीच थांबली नव्हती.

बाण फोटोंच्या फोल्डरात शिरला. ओळखपत्रांसाठी काढलेले शिक्षकांचे फोटो एकेक करून उघडत आणि मिटत गेले. मग साहेबरावांचा उघडला. निळा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, मान जरा जास्तच ताठ. तो फोटो मिटला नाही. बाण हनुवटीपाशी थांबला होता. मग तो हळूहळू गालावरून वर गेला आणि कपाळावर टेकला.

पंखा फिरत होता.

"बघा," शिवकन्या पुटपुटली.

फोटो गेला. त्याच्या मागं फाईलींची नावं होती, आणि ती बदलत होती. पाचवी, सहावी, सातवी... वरून खाली एकेक नाव पुसलं जात होतं आणि त्या जागी अर्थ नसलेली अक्षरं उमटत होती. चोर एकेका फाईलीला आतून कुलूप लावत होता.

"वहिनी, हात सोडा."

तिनं हात सोडला, पण दैवशाला उठायच्या आत शिवकन्याच टेबलाखाली वाकली आणि तिनं प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला. त्यात दोघींचे चेहरे दिसले.

"लेकरांचं हाय ते," ती जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाली.

दैवशालेनं डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिली. आठवीपासूनचं वाचलं होतं. खालच्या वर्गांचं आणि फोटोंचं गेलं होतं. ते कागदांवरून पुन्हा भरावं लागणार होतं. तिनं मुख्याध्यापकांना फोन केला. बाहेर काय काय गेलं ते सांगता येत नाही, जालन्याला सायबर पोलिसांत आजच तक्रार द्या, असं सांगितलं. "मला बंद करायला उशीर झाला, सर," ती म्हणाली. शिवकन्येचं नाव तिनं घेतलं नाही.

नवी डिस्क टाकून सगळं पुन्हा चढेस्तोवर दुपार कलली. जुनं खातं आता कुठंच नव्हतं. यंत्रानं नव्या माणसाचं नाव विचारलं. शिवकन्येनं एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, स्वतःचं नाव घातलं.

"आता पासवर्ड," दैवशाला म्हणाली. "सोपा नको. कुणाला सांगायचा न्हाई, मला बी न्हाई."

आणि ती नेहमीप्रमाणे तोंड फिरवून खिडकीकडं बघत उभी राहिली. बाहेर रिकाम्या पटांगणावर ऊन होतं. मागं कीबोर्डच्या कळा एकेक वाजत होत्या. मधेच थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या. पासवर्ड लांबत चालला होता.

"ध्यानात राहील ना एवढा?" तिनं न वळताच विचारलं.

"राहील," शिवकन्या म्हणाली.

कळा अजून वाजतच होत्या. दैवशाला खिडकीतून बाहेर बघत राहिली.