अँगलवरची जागा

एसी सुरू झाला त्याच दुपारी यादवरावांचा आवाज घराबाहेर गेला. आत पलंगावर त्यांचे ओठ हलायचे, पण शब्द ऐकू यायचे ते खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीवर घरघरणाऱ्या युनिटमधून. "रत्ना, पाणी दे," असं बाहेरून आलं. रत्नमालाबाईंनी आत पलंगावर पाणी दिलं. ते प्यायले. करतात काय बिचाऱ्या!

चंद्रपूरचा उन्हाळाच मेला तसा. यादवरावांना ऊन लागलं होतं आणि दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, आता पुन्हा तापले तर हाती लागायचे नाहीत, खोली गार ठेवा. कूलरनं भागेना, म्हणून हा एसी.

बसवायला आलेला सोपान भारी बोलका. भिंतीत त्यानं चांगले लांब लोखंडी अँगल ठोकले आणि वर स्वतःच मांडी घालून बसून दाखवलं. खाली दोन मजले मोकळे. तो मात्र म्हणाला, "काकू, दोन माणसं बसली तरी हलत नाही." जाताना सांगून गेला, खिडकी बंद ठेवा, हा कूलर नव्हे. आता हे कोणाला सांगता? कूलर लावला की खिडकी चार बोटं उघडी, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक, हे बाईंच्या हातालाच ठाऊक.

आवाजापाठोपाठ खोकला गेला. मग डोक्याच्या तेलाचा वास गेला, मग चेष्टा करायची खोडही गेली. आतले यादवराव गार आणि शहाण्यासारखे पडून राहू लागले. डॉक्टर नाडी पाहून खूश झाले. इकडे बाहेरून दिवसभर गरम वाऱ्यातून टोमणे चालू, भाजीत मीठ नाही, तुझ्या भावाला अक्कल नाही. बाई काचेला कान लावून बसायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या. पलंगावरच्या माणसापाशी त्यांना करमेना.

शेवटी त्यांनी सोपानला फोन केला. त्याला काही नवल वाटलं नाही.

"काकू, आत गार पाहिजे तर बाहेर कोणीतरी तापणारच," तो म्हणाला. "तसंच असते ते."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी बाईंनी काचेतून पाहिलं, तर यादवराव युनिटशेजारी अँगलवर बसलेले. अंगात बनियन, पाय खाली सोडलेले, तोंड उन्हानं लालबुंद. पलंगावरही तेच होते, चादर हनुवटीपर्यंत ओढून.

"मले आत घे, रत्ना," बाहेरचे म्हणाले. "लय तापते इथं."

बाईंनी रिमोट उचलला. बंद करावा तर पलंगावरचा माणूस तापणार, चालू ठेवावा तर हा इथं भाजून निघणार. एकाला जगवायचं म्हणजे दुसऱ्याला मारायचं, आणि दोघंही आपलेच. त्यांना फार भीती वाटली. रिमोट त्यांनी तसाच खाली ठेवला.

निदान घोटभर पाणी तरी द्यावं म्हणून त्यांनी तांब्या भरून आणला, आणि जित्याची खोड म्हणतात ना, खिडकी चार बोटं उघडली.

गरम वारा आत आला नाही. बाईच बाहेर गेल्या, तांब्यासकट, आणि त्यांच्याशेजारी अँगलवर बसल्या. अँगल जराही हलला नाही. यादवराव गटागटा पाणी प्यायले.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "पदर घे डोक्यावर. ऊन लागन."

बाईंनी पदर घेतला. किती दिवसांनी त्यांना तेलाचा तो वास आला. मग त्यांनी वळून खोलीत पाहिलं. पलंगावर यादवराव होते आणि त्यांच्या उशाशी रत्नमालाबाई बसल्या होत्या, शांत, गार, पदर खांद्यावर नीट. आतल्या बाईंना झळ लागली असावी. त्या उठल्या, खिडकीशी आल्या आणि बाहेरच्या दोघांकडे क्षणभर पाहिलं.

"अहो बाई, थांबा जरा," बाहेरच्या रत्नमालाबाई म्हणाल्या.

आतल्या बाईंना सोपानचं सांगणं आठवलं असणार. त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि आतून कडी लावली.