अध्यक्षसाहेबांच्या टेबलावरची खीळ

मी एक जुनी लोखंडी खीळ आहे. अंगावर निकेलचा मुलामा आहे, म्हणून मला दागिना समजू नका. मित्रांनो, मी माणसांची बोटं खाल्ली आहेत.

अमेरिकेत, ओहायोतल्या एका लोहाराने मला घडवलं. त्या काळी मालगाडीचे दोन डबे कडीने जोडत. डबा अंगावर येत असताना ब्रेकवाला, म्हणजे ब्रेक लावणारा आणि डबे जोडणारा कामगार, मधे उभा राही, एका हाताने कडी धरी आणि दुसऱ्या हाताने मला कडीतून डब्याच्या भोकात टाकी. जरा उशीर झाला की बोटं गेलीच. नोकरी मागायला कुणी आला की मुकादम म्हणे, "हात दाखव." बोटं कमी दिसली की खूश! "अनुभवी आहेस, ये उद्यापासून." असा तो धंदा.

एझ्रा हॉलिस्टर विशीत ब्रेकवाला होता. त्याची दोन बोटं माझ्यापायीच गेली. जोडीदार डेनिस मुल्काही याने त्याला ओढून बाहेर काढलं, म्हणून जीव तरी वाचला. एझ्राने मला खिशात घातलं. पुढे तो गार्ड झाला, मग अधीक्षक, आणि शेवटी क्लीव्हलंडच्या कचेरीत त्याच रेल्वेचा अध्यक्ष. मला मुलामा देऊन त्याने टेबलावर मिरवलं. वर्तमानपत्रांनी तर त्याला डोक्यावर घेतलं.

एक दिवस मुल्काही आला, तीनशे ब्रेकवाल्यांच्या सह्यांचा अर्ज घेऊन. आपोआप जुळणाऱ्या कड्या निघाल्या होत्या. त्या बसवल्या तर कुणालाच मधे उभं राहावं लागणार नव्हतं.

"एझ्रा, माझा पोरगा कॉर्मक आता त्याच जागी उभा असतो. एवढं कर बाबा."

एझ्राने आपला पंजा पुढे केला. "माझी दोन गेली, डेनिस. मी रडत बसलो का?"

"रडत नव्हतास. बोंबलत होतास. मी होतो ना तिथे!"

साहेब हसले. "बघू," म्हणाले आणि अर्ज माझ्याखाली ठेवून दिला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

संतापाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला मी स्वतः चावले, त्यालाही कळू नये?

चौदा महिने तो अर्ज माझ्याखाली होता. शिपाई रोज मला पुसून पुन्हा तिथेच ठेवायचा. मग मुल्काही पुन्हा आला. या वेळी त्याने टोपीसुद्धा काढली नाही. मला बाजूला सारून त्याने अर्ज उचलला आणि कॉर्मकच्या नावावर बोट ठेवलं.

"हे तेवढं खोड. काल पुरून आलो त्याला."

कड्या बदलल्या त्या पुढे कित्येक वर्षांनी, कायदा झाला तेव्हा. आता मी संग्रहालयात आहे. पाटीवर 'हॉलिस्टर साहेबांच्या कष्टांची खूण' असं लिहिलंय. कॉर्मकचं नाव कुठेच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू 'आमची निगा राखा' म्हणून विनवतात. माझी निगा भरपूर राखली गेली. मी गंजून गेले असते तरी चाललं असतं. तुमच्यापुढे कधी कुणाचा अर्ज आला, तर त्यावर वजन ठेवू नका. तो वाचा, आणि सही करणारा जिवंत आहे तोवर उत्तर द्या.