कोमाद्रेच्या छपरावरचा ऑरेगानो

सकाळी उठल्याबरोबर देल्फिनाच्या डोळ्यांसमोर काय यायचं, तर शेजारच्या नेरेइदाचं छप्पर. त्या पत्र्यावर नेरेइदा ऑरेगानो वाळत घालायची, शेजारी आंबट संत्र्याची सालं. ऊन चढलं की वास कुंपण ओलांडून देल्फिनाच्या कॉफीपर्यंत यायचा आणि कॉफी कडू व्हायची.

सान अंतोनियो या संताच्या उत्सवात मोठ्या पातेल्यात सांकोचो शिजतो, कंदमुळं आणि कोंबडी घातलेला दाट रस्सा. त्यातल्या कोंबड्या नेहमी देल्फिनाच्या शेडमधल्या, तिचा नवरा जिवंत होता तेव्हापासूनच्या. मोका शहराच्या आसपास ब्रॉयलर पाळणारे ढिगानं आहेत, पण देवाच्या पातेल्याचा मान तिचा. गावात तिला मान होता तो तेवढाच. यंदा पातेलं सांभाळणारा म्हातारा उलिसेस एकदा नेरेइदाकडे तिच्या शेडमधली कोंबडी जेवला आणि बोटं चाटत म्हणाला, या वेळी दोन्ही शेड बघून ठरवू.

बरं, भांडायचीही सोय नाही. नेरेइदा तिची कोमाद्रे, म्हणजे मुलाची धर्ममाता. देल्फिनाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनंच हातात धरलं होतं, आणि त्या दिवसापासून या बालमैत्रिणी एकमेकींना अहो-जाहो करू लागल्या. कोमाद्रेशी भांडणं म्हणजे पाप. म्हणून देल्फिना तोंडभर हसायची आणि आतल्या आत जळायची.

त्यातून त्या बाईनं काही लपवून ठेवलेलं नव्हतं. दुकानातली औषधी पूड आपण बंद केली, आता ऑरेगानो खडखडीत वाळवून चुरते, त्यात लसूण आणि सालीची पूड, आणि कोंबड्यांच्या खाद्यात अगदी थोडं मिसळते, हे सगळं तिनं कुंपणावरून सांगून टाकलं होतं.

"तुम्हीही घालून बघा, कोमाद्रे. माझ्याकडचा वाळलेला देऊ का?"

"नको हो. माझ्या कोंबड्या गरीब घरच्या, त्यांना असले चोचले माहीत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी देल्फिना टेकडीमागं जाऊन पोतंभर ऑरेगानो तोडून घेऊन आली. आता वाळवायचा कुठं? पत्र्यावर घालावा तर नेरेइदाला दिसणार, अंगणात घालावा तर वास जाणार. देल्फिना आपली नक्कल करते हे त्या बाईला कळण्यापेक्षा मेलेलं बरं. तिनं तो ओलाच चिरला. नेरेइदा चिमटीनं घालते ना, मग आपण ओंजळीनं घालू, असा हिशेब करून खाद्यात कालवला आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून पोत्यांची तोंडं घट्ट बांधली.

त्या उकाड्यात व्हायचं तेच झालं. खाद्य आतून तापलं, आंबलं, त्याला बुरशी धरली. देल्फिनानं वरवरची बुरशी काढून टाकली आणि उरलेलं घालत राहिली. उत्सवाच्या आदल्या दिवशी बघते तर अर्ध्याअधिक कोंबड्या पंख पाडून बसलेल्या, खालचा भुसा ओला झालेला आणि खाद्याला कुणी चोच लावत नव्हतं.

नेमकी तेव्हाच नेरेइदा मोठा झारा मागायला आली. हाका मारत थेट शेडमध्ये शिरली, मूठभर खाद्य उचलून तिनं नाकाशी धरलं.

"हास," देल्फिना म्हणाली. इतक्या वर्षांचं अहो-जाहो एका शब्दात गळून पडलं. "मनापासून हास. हेच बघायचं होतं ना तुला?"

नेरेइदा हसली नाही. "वाळवला का नाहीत?" तिनं विचारलं.

"तुझ्या छपरावरून दिसलं असतं."

आंबलेलं खाद्य नेरेइदानं खड्ड्यात पुरलं, मग कुंपणाच्या खिंडारातून स्वतःच्या कोंबड्यांचे पिंजरे एकेक करून आणले आणि देल्फिनाच्या अंगणात मांडले. पातेलं तुमचंच, उलिसेसला काही कळायला नको, एवढं सांगून झारा घेऊन गेली.

नको म्हणायला हवं होतं. देल्फिना नको म्हणाली नाही. उलिसेस आला, एकेक कोंबडी हातात तोलत राहिला आणि म्हणाला, शेवटी हात तो तुझाच, देल्फिना, दुसऱ्या शेडकडे जायची गरजच नाही.

उत्सवात लोक वाडग्यावर वाडगे रिचवत होते आणि देल्फिनाचं नाव घेत होते. ती नुसतीच रश्श्यात चमचा फिरवत होती. समोर नेरेइदा शांतपणे जेवत होती, जणू तिला काही ठाऊकच नाही. तिनं एकदा डोळा मारला असता, निदान तिरकं बघितलं असतं, तर देल्फिनाला सोसलं असतं. पण त्या बाईला चांगुलपणासुद्धा नीट जमत होता.

देल्फिनानं चमचा खाली ठेवला. "या कोंबड्या माझ्या नाहीत. माझ्या आजारी पडल्या. या यांच्या आहेत."

सगळे नेरेइदाकडे वळले. आधी तिच्या कोंबड्यांचं कौतुक झालं, मग तिच्या मनाचं. पाद्रीबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उलिसेसनं पुढच्या वर्षीचं पातेलं तिथल्या तिथं तिच्या नावावर केलं. खरं कोण बोललं, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

नेरेइदा उठून देल्फिनाजवळ आली आणि आपल्या वाडग्यातली तंगडी तिच्या वाडग्यात ठेवत म्हणाली, "खा, देल्फिना. गार होतंय."

देल्फिनानं खाल्ली. मांस इतकं चांगलं होतं की तिला रडू फुटलं. आणि सगळ्या गावाला वाटलं, कोमाद्रेची माया बघून बाईचे डोळे भरून आले.