कात्री बोलताय का?

"कात्री बोलताय का?"

मी हातातली पँट तशीच मशीनवर टाकली. मला कोणी मावशी म्हणतं, कोणी टेलरबाई म्हणतं, पण कात्री? कपडे लहानमोठे करून द्यायचं माझं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. तिथे कात्री एकच, आणि ती बोलत नाही.

"कोण बोलतंय?"

"वसुलीवाले. तुमच्या घरातल्या माणसाने कर्ज बुडवलंय. पैसे भरा, नाहीतर तुमच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन जातील."

"घरातल्या कोणी? नाव सांगा."

"नाव सांगता येत नाही. गोपनीय असतं."

सगळ्या बाजारात बोभाटा करायला तयार, आणि नाव तेवढं गोपनीय! मी फोन कट केला. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

घरात माणसं तीन. मी, मुलगा आणि सून. मी कर्ज काढलेलं नाही. मुलगा तसा गरीब स्वभावाचा, मी बोलायला लागले की मान खाली घालून बसणारा. उरली कोण? सून. कामाला चोख, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शिवाय हल्ली दार लावून फोनवर बोलत होती.

जेवताना मी मुद्दामच विषय काढला. "मला कात्री म्हणणारा कोण जन्माला आलाय, बघायचंय मला!"

मुलाला जोरात ठसका लागला. सून झटकन उठून पाणी आणायला गेली आणि लवकर आलीच नाही. मी म्हटलं, पाणी इथेच कुठेतरी मुरतंय.

फोन येतच राहिले, दर वेळी नव्या नंबरवरून. मग एक दिवस शाळेतल्या बाई त्यांचा निळा कोट न्यायला आल्या, त्या तोंड पाडूनच.

"अहो, मला कोणाचा तरी फोन आला होता. म्हणे, 'निळा कोट बोलताय का? तुमची टेलरबाई कर्जबुडव्यांना घरात ठेवते.' हा काय प्रकार आहे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण बाई गेल्यावर डोकं चालायला लागलं. म्हणजे हा माणूस कोणाच्या तरी फोनमधली नावं जशीच्या तशी वाचतोय! गिऱ्हाइकांचे नंबर आमच्या घरात दोघांकडे. सून त्यांना कपडे तयार झाल्याचं कळवते आणि मुलगा कपडे घरपोच देतो. मला आठवली ती फक्त सून.

तशीच आत गेले. "कर्ज तू काढलंयस ना?"

"नाही, आई."

"मग दार लावून कोणाशी बोलतेस?"

तिने न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. आत मुलगा अंघोळ करत होता. "ते मला सांगता येणार नाही."

"का? गोपनीय आहे?"

तिचा चेहरा उतरला. तिने कपाटावरची बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. "मी माहेरी जाते. परत येईन की नाही, माहीत नाही."

मीही इरेला पेटले होते. जायचं तर जाऊ दे, पण पुरावा बघून जाऊ दे! तिचा फोन टेबलावरच होता. तिच्यासमोर मी तिचा नंबर लावला आणि वाकून बघितलं.

'आई.'

बस, एवढंच. तिच्या सख्ख्या आईचा फोन आला की तिथे 'माहेर' असं उमटतं, ते मी कितीदा तरी पाहिलं होतं.

माझा आवाज जरा खाली आला. मग उगीच आपलं म्हणून मुलाचा नंबर लावला. त्याचा फोन उशीपाशी वाजला. खात्री करायला गेले आणि कात्री निघाली.

मुलगा केस पुसत बाहेर आला आणि दारातच थिजला.

"गाडी दुरुस्त करायला ॲपवरून पैसे घेतले होते," तो म्हणाला. "ॲपने फोनमधली नावं बघू का विचारलं, मी हो दाबलं. सगळे पैसे फेडले, तरी मागतायत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एकदा बोलायला लागलीस की कापतच सुटतेस, आई."

लागलं. खूप लागलं. कारण तो चिडून बोलला नव्हता, घाबरत बोलला होता.

सुनेने बॅगेची चेन लावली. "कर्जाचं मला आधीच कळलं होतं, आणि कात्री कोण ते त्या जेवणाच्या वेळी. फेडल्याची पावती माझ्याकडे आहे. त्या लोकांशी मीच भांडत होते. पण तुम्हाला सांगायचं, तर ते नाव कोणाच्या फोनमधलं हेही सांगावं लागलं असतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"कात्री बोलताय का?"

"हो, कात्रीच! कर्ज फिटलंय, पावती आहे. बाकी असेल तर लेखी पाठव. तुझं नाव सांग, ऑफिसचा पत्ता सांग. पोलिसांना द्यायचाय."

पलीकडून फोन कट झाला. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही. बॅग अजून तिच्या हातात होती. 'ठेव ती आत' असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "राहशील?"

बॅग खाली ठेवून तिने पावती शोधली आणि माझ्या चपला पुढे सरकवल्या.

"आधी पोलिसांत तक्रार देऊन येऊ, आई. तिथे कात्री लागणार आहे."